नवतप्याच्या आधी: संगणकाच्या पहिल्या कस्टम वॉटर कूलिंग लूपच्या प्रकल्प नोंदी

१८ जानेवारी २०२५, नागपूर

गेल्या मे महिन्यात एका गृहसंकुलाच्या वॉकथ्रूचे (इमारतीतून फिरवून आणणाऱ्या संगणकीय चित्रफितीचे) रेंडरिंग सलग चार रात्री चालले होते आणि त्या चारही रात्री माझ्या आरटीएक्स ३०९० या ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीचे तापमान १०८ ते ११० अंशांच्या दरम्यान अडकून राहिले होते. या कार्डावरील जीडीडीआर६एक्स मेमरी ११० अंशांना टेकली की कार्ड आपला वेग स्वतःहून उतरवते. त्यामुळे हिवाळ्यात सात तासांत होणारे काम त्या वेळी नऊ तासांच्या पुढे गेले. पंखे रात्रभर पूर्ण वेगाने फिरत असल्याने शेजारच्या खोलीत आईलाही नीट झोप लागली नाही. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे नवे नाही. म्हणून यंदा नवतपा (मेअखेरचे नऊ तापलेले दिवस) सुरू होण्याआधी प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड या दोघांनाही एकाच लूपमध्ये, म्हणजे पाणी फिरत राहणाऱ्या नळ्यांच्या बंद वर्तुळात, घ्यायचे, असे मी ठरवले आहे. हे काम मी पहिल्यांदाच हाती घेत असल्याने खरेदीची घाई न करता प्रत्येक निर्णय आणि त्यामागचा हिशेब येथे तारखेनिशी लिहून ठेवतो आहे.

तयार, सीलबंद लिक्विड कूलर घ्यावा, असे दोन मित्रांनी सुचवले. तो प्रोसेसरवर चांगला चालतो याबद्दल वाद नाही. पण माझी अडचण प्रोसेसरची नसून कार्डाच्या मेमरीची आहे आणि तिच्यापर्यंत तो कूलर पोचतच नाही.

१९ जानेवारी २०२५

आज फक्त उष्णतेचा हिशेब केला. रायझन ९ ७९५०एक्स हा प्रोसेसर कागदावर १७० वॅटचा असला तरी सॉकेटमधून तो २३० वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो, आणि ३०९० कार्डाची मूळ मर्यादा ३५० वॅट आहे. दोन्ही मिळून ५८० वॅट होतात. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते, त्यामुळे लूपची क्षमता याच आकड्यावर ठरवायला हवी.

मात्र प्रोसेसरच्या बाबतीत पाणी फारसा चमत्कार करणार नाही, हे आधीच मान्य केलेले बरे. हा प्रोसेसर ९५ अंशांवर चालण्यासाठीच आखलेला आहे. जुन्या एएम४ सॉकेटचे कूलर नव्या सॉकेटवरही बसावेत म्हणून त्याचे वरचे धातूचे झाकण जाड ठेवलेले आहे, आणि उष्णता लहानशा चिपमधून त्या झाकणात येतानाच अडते. झाकणाच्या वर कितीही थंड पाणी फिरवले तरी ही अडचण तशीच राहते. म्हणून बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) प्रोसेसर कमी विजेवर चालवणारा १०५ वॅटचा इको मोड लावण्याचे ठरवले. त्यात प्रत्यक्ष वीजमर्यादा १४२ वॅटवर येते. काल संध्याकाळी तो लावून एक जुने दृश्य पुन्हा रेंडर केले, तेव्हा वेळेत पडलेला फरक इतका थोडा होता की त्यासाठी ८८ वॅट जास्तीची उष्णता खोलीत सोडणे मला पटत नाही. कार्डाची मर्यादा ३०० वॅटवर आणली तर रोजचा भार ४४२ वॅट होईल. रेडिएटर, म्हणजे पाण्यातली उष्णता हवेत टाकणारा भाग, मात्र ५८० वॅट गृहीत धरूनच घेणार आहे.

२५ जानेवारी २०२५

लूपचा सगळा विचार पाण्याच्या तापमानापासून सुरू व्हायला हवा, चिपच्या तापमानापासून नव्हे, हे आठवडाभरच्या आकडेमोडीतून मला स्पष्ट झाले आहे, आणि पाण्याचे तापमान खोलीतल्या हवेवर अवलंबून असते. बंद लूपमधले पाणी रेडिएटरमधून खोलीच्या हवेलाच उष्णता देते, त्यामुळे ते खोलीपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. विदर्भात घरोघरी असलेल्या कूलरचे तसे नसते: तिथे वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ताटीवरून झिरपणारे पाणी वाफ होऊन उडते आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जाते, म्हणून कूलरमधून येणारी हवा बाहेरच्या हवेपेक्षा थंड असते. आपल्या लूपमध्ये काहीच उडून जात नाही.

याचा एक फायदाही आहे. कूलरमुळे खोलीतली हवा दमट होते आणि अशा हवेत संगणकाच्या नळ्यांवर दव जमेल का, अशी शंका मला पहिल्या दिवसापासून होती. दव जमण्यासाठी पृष्ठभाग भोवतालच्या हवेपेक्षा थंड असावा लागतो. लूपमधले पाणी नेहमी हवेपेक्षा उष्णच राहणार असल्याने ती शंका निकालात निघते. कूलरच्या जाळीतून उडणारे तुषार हा मात्र वेगळा धोका आहे, आणि त्यासाठी टेबल कूलरच्या थेट झोतातून काढून उजव्या भिंतीकडे सरकवणार आहे.

गेल्या वर्षीच्या माझ्या वहीत मे महिन्यात खोलीचे तापमान कूलर चालू असताना ३३ ते ३६ अंश आणि दुपारी तो बंद असताना ४० अंश नोंदवलेले आहे. मी ४० हाच आकडा धरतो. लूपमध्ये पाणी फिरवणाऱ्या डी५ या प्रकारच्या पंपाला ६० अंशांपर्यंतचे पाणी चालते. बहुतेक नळ्यांची सुरक्षित मर्यादाही त्याच सुमाराची असते. त्या मर्यादेच्या अलीकडे भरपूर अंतर ठेवून पाण्याची कमाल मर्यादा मी ५२ अंश ठरवली. म्हणजे सर्वांत वाईट दुपारी रेडिएटरला १२ अंशांच्या फरकावर सगळी उष्णता बाहेर टाकता आली पाहिजे. पंखे मध्यम वेगाने फिरत असतील आणि पाणी हवेपेक्षा साधारण १० अंशांनी उष्ण असेल, तर १२० मिमीच्या प्रत्येक खणामागे (एका पंख्याएवढ्या भागामागे) १०० वॅट हा ढोबळ अंदाज सर्वत्र वापरला जातो. ३६० मिमीचे दोन रेडिएटर म्हणजे सहा खण. ५८० वॅटला ते जेमतेम पुरतात आणि ४४२ वॅटला सहज.

पन्नास अंशांचे पाणी काय थंड करणार, हा प्रश्न कुणालाही पडेल आणि मलाही पडला होता. म्युनिकजवळच्या गार्शिंग येथील लायब्निट्स संगणन केंद्रात २०१२ मध्ये सुरू झालेल्या सुपरएमयूसी या महासंगणकात ४५ अंशांपर्यंतचे कोमट पाणी थेट प्रोसेसर आणि मेमरीवरून फिरवण्याची योजना होती. पाणी हाताला गरम लागते की गार, याला महत्त्व नाही. चिपपेक्षा ते पुरेसे थंड आहे का आणि चिपची उष्णता त्याच्यापर्यंत नीट पोचते का, एवढेच पाहायचे असते.

२ फेब्रुवारी २०२५

वॉटर ब्लॉक (चिपांवर बसणारा, आतून पाणी वाहणारा धातूचा ठोकळा) निवडण्याआधी कार्ड उघडून पाहिले. ३०९० या एकाच नावाखाली वेगवेगळ्या रचनेचे सर्किट बोर्ड विकले गेले आहेत: मूळ संदर्भ रचनेचा बोर्ड, एनव्हिडियाच्या स्वतःच्या आवृत्तीचा आखूड आणि खाच असलेला बोर्ड, आणि प्रत्येक कंपनीने आपल्या पद्धतीने बदललेले बोर्ड. ब्लॉकवरची भोके, मेमरीची जागा आणि कॉइलची उंची जुळली नाही तर ब्लॉक बसणारच नाही. म्हणून हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूचा मूळ भाग) काढून बोर्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो घेतले आणि ब्लॉक बनवणाऱ्यांच्या याद्यांमधील चित्रांशी एकेक भोक ताडून पाहिले. बोर्ड संदर्भ रचनेचा निघाला, ही सुदैवाची गोष्ट आहे, कारण त्यासाठी ब्लॉक अजून मिळतात.

या कार्डाची २४ जीबी मेमरी २४ चिपांमध्ये विभागलेली आहे आणि त्यातल्या १२ चिपा बोर्डाच्या मागच्या बाजूला आहेत. गेल्या उन्हाळ्यात मेमरी इतकी का तापत होती, ते मागची पट्टी काढल्यावर लगेच कळले: मागच्या बारा चिपांची उष्णता एका पातळ धातूच्या पट्टीवर सोपवलेली होती आणि त्या पट्टीवरून हवाच वाहत नव्हती. त्यामुळे फक्त पुढच्या बाजूचा ब्लॉक घेऊन माझा प्रश्न अर्धाच सुटेल. मागच्या पट्टीतूनही पाणी फिरवणारा जोडब्लॉक घ्यायचा, हा या प्रकल्पातला सर्वांत खर्चिक निर्णय असला तरी तोच सर्वांत आवश्यक आहे, याबद्दल माझ्या मनात आता संदेह उरलेला नाही.

८ फेब्रुवारी २०२५

पुठ्ठ्याचे रेडिएटर तयार केले. ३६० मिमीचा रेडिएटर हा प्रत्यक्षात सुमारे ३९७ मिमी लांब असतो, कारण दोन्ही टोकांच्या टाक्या मापात धरलेल्या नसतात; केवळ नावावर विश्वास ठेवला असता तर वरचा रेडिएटर मागच्या पंख्याला अडला असता. ३० मिमी आणि ४५ मिमी जाडीचे दोन खोके कापून त्यांना २५ मिमीचे पंखे दोरीने बांधले आणि संगणकाच्या केसमध्ये (पेटीत) बसवून पाहिले. छत आणि मदरबोर्डची वरची कड यांत ६२ मिमी जागा आहे, त्यामुळे वर ३० मिमीचा रेडिएटर पंख्यासह ५५ मिमीत बसतो. प्रोसेसरला वीज देणाऱ्या आठ पिनांच्या जोडासाठी मात्र जेमतेम बोटभर जागा उरते, म्हणून ती केबल रेडिएटर लावण्याआधीच ओवून ठेवावी लागेल. तळाला कार्डाचा मूळ हीटसिंक गेल्यावर ८८ मिमी जागा मोकळी होते आणि तेथे ४५ मिमीचा रेडिएटर पंख्यासह ७० मिमीत आरामात मावतो.

९ फेब्रुवारी २०२५

पंख्यांची दिशा ठरवण्यात आजचा अख्खा दिवस गेला. तळाच्या रेडिएटरमधून हवा आत आणि वरच्यातून बाहेर, ही सरळ मांडणी. पण तिच्यात वरच्या रेडिएटरला तळाच्या रेडिएटरने तापवलेली हवा मिळते. तळाचे तीन पंखे सेकंदाला साधारण ३५ लिटर हवा ओढतील आणि निम्मा भार म्हणजे ३०० वॅट त्या हवेत जाईल असे धरले, तर हवा ७ ते ८ अंशांनी तापते. माझ्याकडे एकूण फरकच १२ अंशांचा असल्याने त्यातले ७ अंश असे गमावणे परवडणारे नाही. दोन्ही रेडिएटरमधून हवा आत घेतली तर पाण्याला फायदा होतो, परंतु सगळी गरम हवा केसमध्ये कोंडून मदरबोर्डचे वीजनियंत्रक आणि एसएसडी भाजून निघतील.

शेवटी तिसरा मार्ग धरला: तळातून आत, वरून बाहेर, आणि बाजूच्या जाळीवर रेडिएटर न लावता तीन पंखे खोलीतली ताजी हवा आत आणण्यासाठी. अशा प्रकारे वरच्या रेडिएटरला जवळपास निम्मी ताजी हवा मिळेल. केसमध्ये तिसऱ्या रेडिएटरची जागा असताना ती सोडून देणे चुकीचे वाटू शकते. पण येथे हवेची टंचाई आहे, तांब्याची नाही. बाजूच्या आणि तळाच्या जाळ्यांना धूळ अडवणारी कापडी गाळणी लावायची आणि दर रविवारी झटकायची, हेही याच निर्णयाचा भाग आहे.

१६ फेब्रुवारी २०२५

पंपासाठी डी५ आणि डीडीसी हे दोन पर्याय होते. दोन्ही मूळच्या लाइंग या कंपनीच्या रचना असून त्या आता झायलम या नावाखाली बनतात. डीडीसी लहान आहे आणि पाणी अधिक उंच ढकलू शकतो, पण तो स्वतः जास्त तापतो. डी५ शांत चालतो आणि त्याची मोटर त्याच्यातून वाहणाऱ्या पाण्यानेच थंड राहते. याच कारणाने तो क्षणभरही कोरडा चालवायचा नसतो. टाकी थेट पंपाच्या वर बसणारा संच घेतला, म्हणजे पाणी आपल्याच वजनाने पंपात उतरत राहील.

लूपमध्ये आधी प्रोसेसर घ्यावा की कार्ड, यावर लोक बराच वेळ घालवतात, म्हणून त्याचा हिशेब मांडून पाहिला. प्रवाह ताशी २०० लिटर असेल तर सेकंदाला सुमारे ५६ ग्रॅम पाणी वाहते. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला ४.१८६ ज्यूल लागतात. म्हणजे पूर्ण ५८० वॅट घेऊनही पाणी एका फेरीत अवघे अडीच अंश तापते. एवढ्या फरकासाठी नळ्या आडव्यातिडव्या फिरवण्यात अर्थ नाही. जेथे नळी आखूड आणि वळण सैल राहील तोच क्रम घ्यायचा. माझा क्रम टाकी, पंप, तळाचा रेडिएटर, कार्ड, प्रोसेसर, वरचा रेडिएटर आणि पुन्हा टाकी असा राहील.

याच आकड्यांतून दुसरी गोष्टही कळते. लूपमध्ये जेमतेम एक लिटर पाणी असेल. रेडिएटरचे पंखे बंद पडले तर पूर्ण भाराखाली केवळ ते पाणी दर सात-आठ सेकंदांना एका अंशाने तापेल. धातूचा वाटा धरला तरी हाती फार वेळ नसतो. म्हणून पाण्याचे तापमान मोजणारा १० किलोओहमचा थर्मिस्टर आणि प्रवाहमापक लावायचा, पंख्यांचा वेग प्रोसेसरच्या नव्हे तर पाण्याच्या तापमानावर बांधायचा, आणि पाणी ५२ अंशांना पोचले की संगणक आपोआप बंद होईल अशी सोय करायची. पंपाची वेगसूचक तार प्रोसेसर-पंख्याच्या जोडात घालणार आहे, म्हणजे पंप फिरत नसेल तर मदरबोर्ड सुरू होतानाच इशारा देईल.

२३ फेब्रुवारी २०२५

या छंदातली जवळजवळ सर्व फिटिंग, म्हणजे नळी जोडण्याचे सांधे, जी १/४ आट्यांची असतात. हे नळकामातल्या ब्रिटिश मापाचेच सरळ आटे आहेत, बाहेरचा व्यास १३.१५७ मिमी आणि इंचाला १९ आटे. हे कळल्यावर शहरातल्या दुकानात निदान बुचे आणि पाणी काढण्याची लहान तोटी मिळेल, या आशेने इतवारीत गेलो. हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांचे सामान विकणाऱ्या एका ज्येष्ठ दुकानदारांनी माझ्याकडचे नमुन्याचे फिटिंग हातात घेतले आणि न मोजताच सांगितले, "बाळा, तुझे आटे सरळ आहेत, माझ्याकडचे निमुळते. निमुळत्याला टेप गुंडाळून आवळायचे असते. तुझ्याला रबरी कडीच पाणी अडवेल." त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. निमुळते आटे ॲक्रिलिकच्या टाकीत आवळले तर ते आत शिरताना पाचरीसारखे काम करतात आणि टाकीला तडा जातो. सरळ आट्यांत गळती ओ-रिंगने थांबते. तेथे टेफलॉन टेपची गरज नसते, आणि पान्याने जोर लावण्याचीही नसते. विक्रीची संधी सोडून त्यांनी मला रिकाम्या हाताने परत पाठवले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

नळीसाठी कडक ॲक्रिलिक किंवा पीईटीजी प्लास्टिक न घेता ईपीडीएम रबराची मऊ काळी नळी घेणार, आतील व्यास १० मिमी आणि बाहेरील १६ मिमी. पीईटीजी साठ अंशांच्या पुढे भरवशाचे नाही आणि माझे पाणी पन्नाशीला जाणार आहे. पारदर्शक पीव्हीसीतून तिला मऊ ठेवणारे द्रव्य वर्षभरात पाण्यात उतरते आणि ब्लॉकच्या बारीक खाचांत चिकट थर होऊन बसते. ईपीडीएममध्ये तो त्रास नाही. पाणी दिसणार नाही, पण मला ते दाखवायचेही नाही. फिटिंगही नेमके १०/१६ मापाचेच हवे, कारण १०/१३ मापाच्या फिटिंगची बाहेरची कडी जाड नळीवर चढत नाही.

१ मार्च २०२५

पूर्ण मागणी नोंदवली. दोन फिटिंग, दोन वळणाचे सांधे आणि मीटरभर नळी मुद्दाम जास्त मागवली आहे.

९ मार्च २०२५

तळाचा रेडिएटर वेगळ्या ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतला होता आणि वर्णनात तो पूर्ण तांब्याचा असल्याचे लिहिले होते. खोके उचलतानाच वजन कमी वाटले. तांब्याची घनता ८.९६ आणि ॲल्युमिनियमची २.७०; एवढा फरक हाताला कळतो. तोटीच्या आतल्या कडेचा काळा रंग सुईने खरवडला तेव्हा खाली पिवळे पितळ किंवा तांबूस तांबे दिसायला हवे होते, तेथे पांढरा धातू निघाला. चुंबकाने ही पारख होत नाही, कारण दोन्ही धातू चुंबकाला चिकटत नाहीत.

ॲल्युमिनियमचा रेडिएटर स्वतः वाईट नसतो, पण माझे दोन्ही ब्लॉक निकेलचा मुलामा दिलेल्या तांब्याचे आहेत. वेगवेगळे धातू एकाच पाण्यात एकमेकांना जोडले गेले की लहानशी बॅटरीच तयार होते आणि त्यात ॲल्युमिनियम झिजत जाते; त्याचा गाळ ब्लॉकच्या खाचांत अडकतो आणि काही महिन्यांनी पातळ भिंतीला छिद्र पडते. पाण्यात गंजरोधक घातले तर ही क्रिया मंदावते, थांबत नाही. रेडिएटर परत पाठवला आणि वरच्या रेडिएटरच्याच उत्पादकाचा ४५ मिमीचा मागवला. दहा दिवस गेले, परंतु ही चूक पाणी भरल्यानंतर कळली असती तर कार्डच गमावले असते.

१५ मार्च २०२५

पाण्याबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण घरात पाणी आहेच मग विकत कशाला, हा प्रश्न आईनेही विचारला. आमच्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) ४८० भरतो. हंगाम संपताना कूलरच्या ताटीवर जमणारा पांढरा कडक थर ज्याने खरवडला आहे, त्याला हे पाणी लूपमध्ये काय करील ते वेगळे सांगावे लागणार नाही. ब्लॉकच्या आतील खाचा अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतात. तेथे असा थर बसला की उष्णता अडते आणि प्रवाहही. आरओचे पाणी ४५ भरले. ते पिण्याला योग्य असले तरी क्षारमुक्त नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते पाणी २ भरले, पण काही बाटल्यांवर ते डिस्टिल्ड आहे की केवळ क्षार काढलेले, याचा उल्लेखच नसतो. अखेरीस प्रयोगशाळांना रसायने पुरवणाऱ्या दुकानातून डिस्टिल्ड पाण्याचे पाच लिटरचे दोन कॅन आणले.

नुसते शुद्ध पाणीही पुरेसे नाही. त्यात शेवाळ आणि जिवाणू वाढू शकतात आणि धातूला संरक्षण मिळत नाही. म्हणून जंतुरोधक व गंजरोधक असलेले रंगहीन कूलंटचे अर्क घेऊन ते डिस्टिल्ड पाण्यात मिसळणार. दुधी रंगाची कूलंट फार सुंदर दिसतात, पण त्यांचा रंग म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म कण असतात आणि ते कालांतराने खाली बसतात. काही कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते आणि ते विषारी आहे; कुठलेही असले तरी बाटली झाकण घट्ट लावून कपाटात वरच्या खणात राहील.

२३ मार्च २०२५

नवा रेडिएटर आला. खरवडल्यावर पितळ दिसले आणि समाधान वाटले.

दोन्ही रेडिएटर कोमट डिस्टिल्ड पाण्याने धुतले. अर्धे भरायचे, दोन्ही तोंडांना बुचे लावून पाच मिनिटे हलवायचे आणि पांढऱ्या कापडातून ओतायचे. पहिल्या तीन वेळा कापडावर काळपट कण आणि डाख देताना वापरलेल्या फ्लक्सचा तेलकट अंश आला. सातव्या वेळी कापड स्वच्छ निघाले. पंख्यांचे स्क्रू मोजून घेतले: २५ मिमीच्या पंख्याला ३० मिमीचा स्क्रू पुरतो, आणि त्याहून लांब स्क्रू थेट पाण्याच्या चपट्या नळीत घुसू शकतो. खोक्यात ३५ मिमीचेही स्क्रू होते. चुकून हाती लागू नयेत म्हणून ते बाजूला काढून वेगळ्या डबीत ठेवले.

३० मार्च २०२५, गुढीपाडवा

सकाळी गुढी उभारल्यावर कार्डावर ब्लॉक चढवला. थर्मल पॅड (चिप आणि ब्लॉक यांच्यातली फट भरणारे मऊ तुकडे) माहितीपत्रकात दिलेल्या जाडीचेच, त्या-त्या जागीच लावले. येथे अर्ध्या मिलिमीटरची चूकही महाग पडते, कारण पॅड जाड झाला तर ब्लॉक मुख्य चिपवर नीट टेकत नाही. स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी, प्रत्येक वेळी पाव फेरी देत आवळले. नंतर ब्लॉक पुन्हा काढून पॅडांवरचे ठसे पाहिले. पुढच्या बारा आणि मागच्या बारा अशा सर्व चिपांचे ठसे स्पष्ट होते. नवी पेस्ट लावून कायमचे बसवले.

५ एप्रिल २०२५

पहाटे साडेपाचला हवेची गळतीचाचणी घेतली. लूपमध्ये हातपंपाने अर्धा बार दाब भरून काटा पाहत बसायचे, एवढेच काम असते. वेळ पहाटेची निवडली, कारण खोलीचे तापमान तीन अंशांनी बदलले तरी बंद हवेचा दाब सुमारे ०.०१५ बारने बदलतो आणि नसलेल्या गळतीचा भास होतो. पहिल्या वेळी काटा दहा मिनिटांत ०.०५ बारने उतरला. साबणाच्या पाण्याचा कुंचला कोरड्या रेडिएटरच्या बाहेरील सांध्यांवर फिरवल्यावर वरच्या रेडिएटरच्या बुचाशी बुडबुडे आले. तेथे ओ-रिंग खाचेतून सरकून चिमटली होती. नवी घातली. दुसऱ्या वेळी तीस मिनिटांत काटा हलला नाही.

६ एप्रिल २०२५

आज पाणी भरले. पॉवर सप्लायच्या बाकी सर्व केबली काढून ठेवल्या, २४ पिनांच्या जोडातील १६ क्रमांकाची पिन जमिनीच्या पिनेला जोडून केवळ पंपाला वीज दिली. टाकी भरायची, पंप चार-पाच सेकंद चालवायचा, टाकी तळाला जाण्याआधी बंद करायचा आणि पुन्हा भरायचे. नऊ वेळा असे केल्यावर प्रवाह अखंड झाला. एकूण १.१ लिटर द्रव लागला. प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर ठेवून, केस चारही बाजूंना हळूहळू कलती करत अडकलेली हवा काढली. संध्याकाळपर्यंत, आठ तासांनीही, सर्व कागद कोरडे होते.

१३ एप्रिल २०२५

आठवडाभराच्या वापरानंतर पहिली पूर्ण चाचणी घेतली. तीन तास सलग रेंडरिंग, भार ४४२ वॅट, रेडिएटरचे पंखे मिनिटाला ११०० फेऱ्यांवर, कूलर चालू. खोली ३३.४ अंश आणि पाणी ४२.१ अंश, म्हणजे फरक ८.७ अंश. प्रवाह ताशी २०५ लिटर. प्रोसेसर ७८, कार्डाची मुख्य चिप ५४, आणि ज्या मेमरीसाठी हा सगळा खटाटोप केला तिचा सर्वाधिक आकडा ७६ अंश. हा आकडा पडद्यावर स्थिरावलेला पाहून फार आनंद झाला. पंख्यांचा आवाज दार लावल्यावर शेजारच्या खोलीत पोचत नाही, असे आईने सांगितले.

हाच फरक ४० अंशांच्या खोलीला लावला तर पाणी ४८.७ अंशांवर राहील. पूर्ण ५८० वॅटवर, त्याच वेगाने, फरक साडेअकराच्या जवळ जाईल आणि पाणी ५१.४ अंशांना पोचेल. मी ठरवलेल्या ५२ अंशांच्या ते फारच निकट आहे. म्हणून मे महिन्यात इको मोड आणि कार्डाची ३०० वॅटची मर्यादा तशीच राहील, आणि ४६ अंशांच्या पुढे पंखे १५०० फेऱ्यांवर जातील असे कंट्रोलरमध्ये लिहिले आहे. खोलीत पडणारी उष्णता मात्र पाण्यामुळे कमी होत नाही: आठ तासांच्या रेंडरिंगमध्ये लागणारी साडेतीन युनिट वीज हीटसिंकऐवजी आता रेडिएटरमधून खोलीत येते, एवढेच. त्यामुळे लांब कामे रात्री अकरानंतर लावायची आणि खिडकी उघडी ठेवायची.

टाकीच्या मागच्या बाजूला चिठ्ठी चिकटवली: द्रव भरला ६-४-२०२५, रंग व गाळ पाहणे ६-७-२०२५, द्रव बदलणे एप्रिल २०२६. पुढची नोंद नवतप्यातल्या पहिल्या दुपारी, कूलर बंद ठेवून घेतलेल्या मोजमापाची असेल.